लकवा, सिकलसेल किंवा अपघातानंतर पुन्हा स्वावलंबी होता येतं का? संशोधन काय सांगतं?

समजा, वरठीतल्या एका घरात सत्तरीची आजी आहे. सहा महिन्यांपूर्वी तिला लकवा मारला आणि उजवा हात-पाय कमजोर झाला. नागपूरहून उपचार घेऊन ती घरी आली. घरच्यांनी सेवेत काही कमी पडू दिलं नाही. सून भरवते, मुलगा उचलून न्हाणीत नेतो, नातू चप्पल घालून देतो. तरीही आजी दिवसेंदिवस अंथरुणाला जास्तच खिळत चालली आहे.

उदाहरण काल्पनिक आहे, पण अशी घरं तुमच्याही ओळखीत असतील. चूक कुणाचीच नसते. आजारावर उपचार झालेले असतात. राहून जातं ते पुनर्वसन, म्हणजे रोजचं आयुष्य पुन्हा शक्य तितकं स्वतःच्या हातात घेण्याची तयारी.

या विषयावर जगभरात आणि भारतातही बरंच संशोधन झालं आहे. त्यातलं घरच्यांच्या उपयोगाचं काय आहे, ते समजून घेऊ.

आधी वरठीचं चित्र

वरठी हे भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं मोठं गाव. रेल्वेने आलात तर स्टेशनच्या पाटीवर नाव दिसेल 'भंडारा रोड', पण स्टेशन आहे वरठीत. हावडा-मुंबई मार्गावरचं हे स्टेशन, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आणि आजूबाजूला धानाची शेती, असा हा परिसर. मोठ्या उपचारांसाठी लोक भंडाऱ्याला किंवा साधारण ६० किलोमीटरवरच्या नागपूरला जातात.

एका ऑपरेशनसाठी एवढा प्रवास जमतो. पण पुनर्वसनाचं काम महिनोन्‌महिने चालतं. आठवड्यातून तीनदा पेशंटला गाडीत घालून नागपूरला नेणं बहुतेकांना परवडत नाही, आणि उपचार तिथेच थांबतात.

ही अडचण एकट्या वरठीची नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यातल्या सुमारे ६९ टक्के ग्रामीण भागात राहत होत्या. महाराष्ट्रातला आकडा २९ लाखांच्या पुढे होता.

पुनर्वसन म्हणजे फक्त व्यायाम का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अपंगत्वाकडे पाहण्याची नवी चौकट मांडली. तिच्यानुसार तीन गोष्टी पाहायच्या: शरीरात काय बिघडलं आहे, त्यामुळे कोणती कामं जमत नाहीत आणि माणूस कशात सहभागी होऊ शकत नाही. शिवाय आजूबाजूची परिस्थिती मदत करते की अडवते, हेही पाहायचं.

आजीचंच उदाहरण घ्या. पायात ताकद कमी आहे, हा शरीराचा प्रश्न. संडासला एकटीला जाता येत नाही, हा कामाचा प्रश्न. शेजारच्या लग्नाला जाता आलं नाही, हा सहभागाचा प्रश्न. आणि संडासच्या दाराला दीड फुटाची पायरी आहे, हा घराचा प्रश्न. पायातली ताकद पूर्ण परत येईलच असं नाही, पण पायरी बदलता येते.

स्वावलंबन मोजतात कसं?

यासाठी 'बार्थेल इंडेक्स' ही मोजपट्टी जगभर वापरली जाते. ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात रोजची दहा कामं पाहतात:

- जेवणं
- आंघोळ
- दात घासणं, केस विंचरणं
- कपडे घालणं
- शौचावर नियंत्रण
- लघवीवर नियंत्रण
- संडासचा वापर
- खाटेवरून खुर्चीवर जाणं
- चालणं
- पायऱ्या चढणं-उतरणं

एकूण गुण १००. सगळ्यात जास्त, म्हणजे प्रत्येकी १५ गुण, खाटेवरून खुर्चीवर जाण्याला आणि चालण्याला आहेत. महत्त्वाचं म्हणजे काठी किंवा वॉकर घेऊन कुणाच्याही मदतीशिवाय चालता आलं, तरी चालण्याचे पूर्ण गुण मिळतात. साधन वापरणं म्हणजे परावलंबन नव्हे, हे या मोजपट्टीतच गृहीत धरलं आहे. "काठी धरली तर लोक काय म्हणतील?" असं वाटणाऱ्यांना हे जरूर सांगा.

घरच्यांनी ही यादी वहीत लिहून दर महिन्याला 'स्वतः', 'थोडी मदत', 'पूर्ण मदत' अशी नोंद ठेवली, तर डॉक्टरांना नेमकं सांगता येतं. "तसं बरं आहे" यापेक्षा ते कितीतरी उपयोगी.

भारतातल्या मोठ्या अभ्यासात काय आढळलं?

फिजिओथेरपिस्ट कमी आहेत, मग घरच्यांनाच शिकवलं तर? हाच प्रश्न घेऊन भारतातल्या १४ रुग्णालयांमध्ये 'अटेंड' नावाचा अभ्यास झाला. लकवा मारलेले १,२५० पेशंट त्यात होते. निम्म्यांच्या घरच्यांना पुनर्वसनाचं प्रशिक्षण दिलं, उरलेल्यांना नेहमीचे उपचार मिळाले. निकाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांमध्ये मृत्यू झालेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या पेशंटचं प्रमाण सारखंच होतं: ४७ टक्के.

म्हणजे घरच्यांची मदत निरुपयोगी का? तसा अर्थ काढू नका. प्रशिक्षित माणसाचं काम फक्त घरच्यांच्या खांद्यावर टाकून भागत नाही, असा त्याचा अर्थ निघतो. कुटुंब हवंच, पण त्याच्या पाठीशी थेरपिस्टही हवा. गावाजवळ अशी सेवा मागणं ही चैन नाही, हे सांगायला हा अभ्यास हाताशी ठेवा.

'सगळं करून देणं' का अडचणीचं ठरतं?

कमजोर हाताने काम जमत नाही, म्हणून माणूस चांगल्या हाताने भागवतो. हळूहळू मेंदूला कमजोर हात न वापरण्याचीच सवय लागते. त्यावर उपाय म्हणून एक पद्धत निघाली. चांगल्या हातावर मोजा घालून त्याला आवर घालायचा आणि कमजोर हाताकडून भरपूर सराव करून घ्यायचा.

अमेरिकेत २२२ पेशंटवर या पद्धतीचा अभ्यास झाला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. लकवा मारून तीन ते नऊ महिने झालेल्या या लोकांना दोन आठवड्यांच्या सरावाचा फायदा झाला आणि तो वर्षभर टिकला. मात्र ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल होती, त्यांच्यासाठीच हे होतं. हात अजिबात हलत नसेल तर हा प्रयोग घरी करू नका.

जास्त व्यायाम म्हणजे जास्त फायदा, असंही नाही. २,१०४ पेशंटच्या आंतरराष्ट्रीय 'अवर्ट' अभ्यासात लकव्यानंतर पहिल्या २४ तासांत सुरू केलेल्या जास्तीच्या हालचालीमुळे परिणाम उलट थोडे वाईट आले. त्यामुळे कधी सुरू करायचं आणि किती करायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

घरात आजपासून काय करता येईल?

रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या शास्त्राला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. भारतात त्याची सुरुवात महाराष्ट्रातच झाली. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं पहिलं विद्यालय सुरू केलं. आज नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण मिळतं. नागपूरला तपासणीसाठी जाणारच असाल, तर हा विभाग विचारून घ्या.

तोवर या साध्या गोष्टी लक्षात ठेवा:

- कपडे: घालताना आधी कमजोर हात बाहीत घाला. काढताना कमजोर हात शेवटी काढा.
- उठवताना: कमजोर हात धरून ओढू नका. त्याने खांद्याला इजा होते.
- जेवताना: चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करा. पकड सोपी होते.
- आंघोळ: पक्क्या, न घसरणाऱ्या स्टुलावर बसवा. भिंतीला धरायला दांडा लावा.
- संडास: उकिडवं बसता येत नसेल तर कमोड खुर्ची वापरा.
- रॅम्प: उंचीच्या किमान १२ पट लांबी ठेवा. १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील, तर उंची ४५ सेंटिमीटर आणि रॅम्प किमान ५.४ मीटर लांब. यापेक्षा उभा रॅम्प व्हीलचेअरसाठी धोक्याचा.

व्हीलचेअरही मापाचीच हवी. सीट फार रुंद असेल तर माणूस एका बाजूला कलतो. तासन्‌तास एकाच जागी दाब आला तर जखमा होतात, आणि ज्यांना तिथे स्पर्श कळत नाही त्यांच्यासाठी त्या जिवावर बेतू शकतात.

सिकलसेलचा इथे काय संबंध?

पूर्व विदर्भात हा प्रश्न टाळून चालणार नाही. सिकलसेलमध्ये लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे असह्य वेदना होतात. काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरुण वयातच चालणं अवघड होतं. काही लहान मुलांना लकवाही मारतो.

बाहेरून पाहणाऱ्याला मात्र यातलं काहीच दिसत नाही. "धडधाकट तर आहे, मग शाळा का बुडवतो?" हे टोमणे मुलाला ऐकावे लागतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ ने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया आले. म्हणजे कायद्याने तरी न दिसणारं दुखणं मान्य केलं आहे.

तुमचा हक्क काय?

१. यूडीआयडी कार्ड: याला स्वावलंबन कार्डही म्हणतात. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि शासकीय रुग्णालयात तपासणी होते. बहुतेक योजनांसाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं.

२. साधनांसाठी मदत: केंद्राच्या 'एडिप' योजनेत महिन्याचं उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधनाचा पूर्ण खर्च मिळतो. ३०,००० पर्यंत असेल तर निम्मा.

३. नोकरी: सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे.

४. ग्रामपंचायतीचा निधी: महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते.

हा चौथा मुद्दा गावात फारसा बोलला जात नाही. पुढच्या ग्रामसभेत विचारा: या वर्षी ५ टक्क्यांची रक्कम किती झाली आणि कशावर खर्च झाली? शाळेत, आरोग्य केंद्रात आणि ग्रामपंचायतीच्या दारात नीट उताराचा रॅम्प आहे का?

मग स्वावलंबन म्हणजे नेमकं काय?

एड रॉबर्ट्स या अमेरिकी कार्यकर्त्याला पोलिओमुळे श्वास घ्यायलाही यंत्र लागायचं. तरी तो बर्कलेच्या विद्यापीठात शिकला आणि १९७२ मध्ये तिथे दिव्यांगांनीच चालवलेलं स्वतंत्र जीवन केंद्र उभं राहिलं. या चळवळीचं म्हणणं साधं होतं. सगळं एकट्याने करता येणं म्हणजे स्वावलंबन नाही. कधी उठायचं, काय घालायचं, कुठे जायचं हे ज्याचं त्याने ठरवणं म्हणजे स्वावलंबन. मदत घेतली तरी ठरवणारा तोच.

त्यामुळे आजीला उद्या सकाळी भरवण्याआधी एकदा विचारून पाहा, "आज चमचा तू धरतेस का?" सांडेल, वेळ लागेल, दोनच घास होतील. सुरुवात म्हणून तेवढे पुरेत.