पायांची तगमग आणि अफूची मात्रा

झोप ही गरीब-श्रीमंत सर्वांना सारखीच मिळते, असे आपण म्हणतो. पण काहींना तीही सुखाने लाभत नाही. दिवसभर धड असलेले पाय अंथरुणाला पाठ लागताच आतून वळवळू लागतात. उठून येरझारा घालाव्यात तो बरे वाटते. पुन्हा आडवे व्हावे तो तगमग सुरू. वरून काहीच दिसत नाही, म्हणून घरच्यांचा विश्वासही बसत नाही. या दुखण्याच्या इतिहासात औषध आधी आले आणि नाव मागाहून, हे आम्हांला विशेष वाटते.

थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1672 साली आपल्या लॅटिन ग्रंथात अशा रुग्णांचे वर्णन केले. त्यांची रात्र जणू यातनागृहात जाते, असा त्याचा आशय होता. त्यांना तो लॉडनम, म्हणजे अफूचा अर्क देई. त्याची कारणमीमांसा आज कोणी मानीत नाही. निरीक्षण मात्र खरे ठरले. पुढे 1945 साली स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी या व्याधीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध करून तिला आजचे इंग्रजी नाव दिले. शरीरातील लोहाच्या कमतरतेशी तिचा संबंध आहे, हेही पुढे स्पष्ट झाले.

1982 नंतर डोपामीनवर्गी औषधे आली. प्रारंभी गुण आश्चर्यकारक. परंतु पुष्कळांच्या बाबतीत वर्षानुवर्षांच्या सेवनाने व्याधीच उलटून बळावली. 1996 साली या प्रकाराची नोंद झाली. मग वैद्य पुन्हा अफूवर्गाकडे वळले. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, इतर औषधांनी गुण न आलेल्या तीनशेहून अधिक रुग्णांपैकी काहींना ऑक्सिकोडोन व नॅलॉक्सोनची संयुक्त गोळी, तर काहींना निरौषधी गोळी दिली. गोळी घेणाऱ्यांना स्पष्ट लाभ झाला. थकवा, मळमळ, बद्धकोष्ठता हे त्रासही दिसले.

अफूचा दुसरा चेहरा आपल्यालाही अपरिचित नाही. एके काळी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जात. अमेरिकेत तर 1990 नंतरच्या दशकांत अफूवर्गी गोळ्यांच्या अतिरेकाने असंख्य संसार उद्ध्वस्त झाले. तेव्हा भय निराधार नव्हे. व्यसन लागणे, श्वास मंदावणे, मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास जीवच जाणे, हे धोके खरे आहेत.

तथापि भयापोटी सर्वच रुग्णांना दार बंद करणेही न्याय नव्हे. 2025 साली अमेरिकन निद्रावैद्यक अकादमीने आधी लोह तपासावे, डोपामीनवर्गी औषधे सरसकट देऊ नयेत, आणि ठरावीक रुग्णांना अफूवर्गी औषध देण्याचा विचार करावा, असे सुचवले. अल्प मात्रा, नेमकी निवड आणि वैद्याची सतत देखरेख, एवढ्यावर सारे अवलंबून आहे. विलिसच्या रुग्णाला रात्री झोप हवी होती; आजच्या रुग्णालाही तेवढीच हवी आहे.