छत्तीसगड विधानसभेची नवी वास्तू

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले, तेव्हा ९० सदस्यांच्या विधानसभेला स्वतःचे सभागृह नव्हते. पहिले अधिवेशन रायपूरच्या राजकुमार कॉलेजच्या जशपूर हॉलमध्ये भरले. पुढे अन्य कामासाठी उभारलेल्या इमारतीत कामकाज चालले. नवा रायपूर येथील नव्या वास्तूचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले. ‘धानाचा कटोरा’ या राज्याच्या ओळखीला अनुसरून सभागृहाच्या छतावर भाताच्या लोंब्या साकारल्या असून, लाकूडकामात बस्तरच्या कारागिरांचा वाटा आहे. लोकसहभागाचा प्रश्न मात्र अंतराचा आहे. वास्तू जुन्या शहरापासून वीसेक किलोमीटर दूर आहे. कामकाज पाहू इच्छिणाऱ्या शेतमजुराचा त्यात दिवस मोडतो. प्रेक्षक दीर्घा कितीही प्रशस्त असली, तरी बसगाडी आणि प्रवेशपत्र वास्तुविशारदाच्या आराखड्यात बसत नाही.