सर्फ-ए-खास : राजाच्या खासगी जमिनीचा हिशेब

1947 पर्यंत सोलापूरहून नळदुर्गाकडे जाताना इंग्रजांचा मुलूख संपून निजामाची हद्द लागत असे. त्या हद्दीतली सगळी जमीन मात्र एकाच खात्यात नव्हती. दिवाणी मुलखाचा महसूल राज्याच्या खजिन्यात जाई, जहागिरींचा जहागीरदारांकडे, आणि राज्याच्या साधारण दहाव्या हिश्शाचा थेट निजामाच्या खासगी तिजोरीत. या तिसऱ्या भागाला 'सर्फ-ए-खास' म्हणत. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातही असा मुलूख होता.

याचे मूळ मध्ययुगात आहे. दिल्लीचे सुलतान आणि मोगल यांच्या काळात, सरदारांना न देता दरबाराने स्वतःकडे राखलेली जमीन ती 'खालसा'. दख्खनमध्ये बहमनी वजीर महमूद गावान याने चार तरफांचे आठ केले आणि प्रत्येक तरफेतले काही परगणे सुलतानाच्या 'खास'मध्ये घेतले. तरफदारांची ताकद आवरणे हा त्यामागचा हेतू. दुखावलेल्या सरदारांनी एक बनावट पत्र पुढे केले आणि 1481 मध्ये गावानचा शिरच्छेद झाला.

सरदारांना वेसण घालणारी ही व्यवस्था होती खरी, पण राजाचे घर आणि राज्य यांच्यात तेव्हा रेषच नव्हती. आपला सोलापूरचा किल्ला चांदबीबीच्या लग्नात अहमदनगरच्या निजामशाहीकडून विजापूरच्या आदिलशाहीला हुंडा म्हणून गेला. रयतेला कोण विचारतो?

हैदराबादेत सालारजंग यांनी 1865 मध्ये जिल्हाबंदी करून दिवाणी कारभाराची घडी बसवली. तरीही सर्फ-ए-खास वेगळेच राहिले. जी जमीन एकेकाळी सरदारांना आवरण्यासाठी राखली जाई, तिचाच वारसा आता एका घराण्याची दौलत झाला होता. असे फक्त इथेच घडले असेही नाही. इंग्लंडच्या राजाकडे लँकेस्टरची डची 1399 पासून आजही खासगी मिळकत म्हणून आहे.

फेब्रुवारी 1949 मध्ये सर्फ-ए-खास दिवाणीत विलीन झाले. बदल्यात निजामाला तनख्याशिवाय वर्षाला 25 लाख रुपये भरपाई ठरली.

हा हिशेब आज मांडायचे कारण आहे. 'निजामाचे राज्य म्हणजे मुसलमानांचे राज्य' असे सहज बोलले जाते आणि त्याचा जाब आजच्या मुसलमानाला विचारला जातो. पण या मुलखात राबणारा मुसलमान असो की मराठा, महार असो की लिंगायत, प्रत्येकाचा सारा त्याच एका तिजोरीत जात होता. इस्लामी विचारात बैतुलमाल रयतेची अमानत असते, खलिफाची मिळकत नव्हे. त्या कसोटीवर सर्फ-ए-खास टिकत नाही, हे मुसलमानांनीच आधी म्हणायला हवे. राजाचा धर्म आपला होता म्हणून त्याची तिजोरी आपली होत नाही, आणि तिचे पापही आपल्या माथी येत नाही.