खलबत, कारस्थान आणि बारभाई

इंग्रजीत गुप्तपणे कट करणाऱ्या टोळक्याला ‘कबाल’ म्हणतात. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या पाच मंत्र्यांच्या आद्याक्षरांवरून तो शब्द बनला, असं अजूनही सांगतात. पण शब्द त्या मंत्र्यांहून जुना. मूळ हिब्रू ‘कब्बाला’, म्हणजे परंपरेनं आलेली गूढविद्या. आपल्या ‘खलबता’चंही तसंच. अरबी ‘खल्वत’ म्हणजे एकांत. सूफी साधक त्यात ध्यानाला बसत. आपण तिथं राजकारण नेऊन बसवलं!

‘कारस्थान’ मात्र पेशवाईत निव्वळ शिवी नव्हती. राज्याची गुंतागुंत उलगडणारा तो कारस्थानी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला आणि राघोबादादा पेशवे झाले. तेव्हा सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके या मंडळींनी गरोदर गंगाबाईंना पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले. हेच बारभाईंचं कारस्थान! दादांच्या लेखी कट, गंगाबाईंच्या लेखी आधार. आज ‘बारभाईचा कारभार’ म्हणजे गोंधळ. तान्ह्या मुलाची गादी राखणाऱ्यांना हा न्याय काही बरा नव्हे.

झळ आपल्या वऱ्हाडालाही लागली. इथं दुहेरी अंमल: एलिचपुरात निजामाचा सुभेदार, महसुलात नागपूरकर भोसल्यांचा वाटा. त्या भोसल्यांत वारशाचं भांडण आधीचंच. पुण्याच्या फुटीनं त्याला धार आली. साबाजी बारभाईंकडे, मुधोजी दादांकडे. जानेवारी १७७५ मध्ये नागपूरजवळ पाचगावला दोघे सावत्र भाऊ समोरासमोर आले, आणि साबाजी पडले.