टाळेबंदीतील ऑनलाइन खरेदी (मुंबई महानगर)
कोविड-१९ च्या साथीत २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ऑनलाइन विक्रीला प्रथम केवळ जीवनावश्यक वस्तूंची मुभा राहिली. मोबाइल-कपड्यांसाठी रुळलेली ही पद्धत त्यामुळे डाळ-तांदूळ, भाजी, औषधांपर्यंत पोहोचली. घरपोच सामानाची वेळ मिळावी म्हणून लोक मध्यरात्री ॲप उघडून बसत. एप्रिलमध्ये जिओमार्टने नवी मुंबई, ठाणे व कल्याणमध्ये व्हॉट्सॲपवरील मागणी जवळच्या किराणा दुकानाकडे सोपवण्याचा प्रयोग सुरू केला. तरी मोठा आधार नेहमीच्या वाण्याचाच होता. फोनवर यादी घेऊन तो सामान सोसायटीच्या फाटकाशी पोहोचवी. स्मार्टफोन नसलेल्या वृद्धांची तर सारी भिस्त त्याच्यावरच. रोखीचा स्पर्श टाळण्यासाठी यूपीआय वाढले. ऑक्टोबर २०२० मध्ये देशातील त्याचे मासिक व्यवहार २०० कोटींवर गेले.