जुन्या ट्रॅक्टरांचीं एंजिनें आणि त्यांची पारख

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजवंश, लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. शेतांत राबणाऱ्या यंत्रालाहि इतिहास असतो, आणि तोहि जुन्या कागदांच्या इतिहासाइतकाच पारखून घ्यावा लागतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कै. राजवाडे यांच्या पिढीनें जुन्या पत्रांच्या बाबतींत आपणांस एक शिस्त लावून दिली. पत्र अस्सल आहे, अस्सलाची नक्कल आहे, कीं निव्वळ बनावट आहे, हें आधीं ठरवावें व मग त्यावर काय तें लिहावें, ही ती शिस्त होय. हीच शिस्त सत्तर-ऐंशी वर्षांच्या ट्रॅक्टरास लावली असतां काय दिसतें, तें वाचकांस सांगावें असें आमच्या मनांत आहे. कारण ट्रॅक्टराचें एंजिन बदलतें, आणि एंजिन बदललें म्हणजे पुष्कळदां त्याचें नांवच बदलतें.

हें असें कां व्हावें, हें समजण्यास ट्रॅक्टराची घडण थोडी पाहिली पाहिजे. त्या काळच्या मोटारगाडीला बहुधा खाली एक सांगाडा असे आणि एंजिन त्यावर बसविलेलें असे. १९१७ सालीं हेन्री फोर्ड यांनीं 'फोर्डसन' ट्रॅक्टर बाजारांत आणला, तेव्हां त्याला असा सांगाडाच ठेवला नाहीं. पुढें एंजिनाचा ओतीव ठोकळा, मध्यें गीअरची पेटी व मागें आंसाची पेटी, हे तीन भाग एकमेकांस बोल्टांनीं जखडले. तोच त्या यंत्राचा पाठीचा कणा. सांगाडा नाहीं, तेव्हां क्रमांक उमटविण्यास एंजिनाहून सोयीची जागा कोणती? फोर्डसनचा क्रमांक एंजिनावर ठोकला गेला, आणि ही चाल त्या घराण्यांत पुढें कित्येक वर्षें टिकली. म्हणजे ट्रॅक्टराचा जन्मलेख त्याच्या हृदयावरच कोरला गेला. हृदय बदललें कीं जन्मलेखहि गेला.

या गोंधळाचें सर्वांत उत्तम उदाहरण फोर्ड आणि फर्ग्युसन यांच्या ट्रॅक्टरांचें आहे. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडांतील शेतकऱ्याचा मुलगा. नांगर ट्रॅक्टरामागें साखळीनें ओढीत न नेतां तीन दांड्यांनीं त्याच्या अंगालाच जोडावा व तेलाच्या दाबानें वर-खालीं करावा, ही त्याची युक्ति. १९३८ च्या शरदृतूंत अमेरिकेंत डिअरबॉर्न येथें त्याची व हेन्री फोर्ड यांची भेट झाली, आणि केवळ हातांत हात देऊन दोघांनीं भागीदारी ठरविली. लेखी करार असा झालाच नाहीं. १९३९ च्या जूनमध्यें 'नाइन-एन' हा ट्रॅक्टर बाहेर पडला. त्याचें चार सिलिंडरांचें एंजिन म्हणजे फोर्डच्याच मर्क्युरी गाडीच्या आठ सिलिंडरांच्या एंजिनाचा जणूं अर्धा भाग होता. सिलिंडराचा व्यास तोच, दट्ट्याची धांव तीच. त्यामुळें मोटारीसाठीं तयार होणारे कित्येक सुटे भाग ट्रॅक्टरालाहि चालत. एंजिनांच्या अदलाबदलीची बीजें अशीं कारखान्यांतच पेरलीं गेलीं.

पुढें महायुद्धामुळें तांबें व रबर यांची टंचाई झाली. १९४२ सालीं 'टू-एन' निघाला. त्यांतील पहिल्या कांहीं यंत्रांना लोखंडी चाकें होतीं व विजेची बॅटरीहि नव्हती. पण गंमत अशी कीं, नांव बदललें तरी एंजिनावरचा क्रमांक मात्र पूर्वीच्याच ओळींत, 'नाइन-एन' या अक्षरांनींच सुरू राहिला. क्रमांक सुमारे ९९,००० च्या पुढें गेला म्हणजे तो टू-एन, असें जाणते लोक हिशेबानें ओळखतात. १९४७ सालीं हेन्री फोर्ड वारले. त्याच वर्षीं त्यांच्या नातवाच्या कारकीर्दींत फर्ग्युसनशीं संबंध तुटला आणि फोर्डनें 'एट-एन' हा आपला स्वतंत्र ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसननें दावा लावला. तो १९५२ सालीं साडेब्याण्णव लक्ष डॉलरांवर मिटला. हातांत हात देऊन ठरलेल्या भागीदारीचा शेवट न्यायालयांत झाला. पण त्या भागीदारीचा पुरावा आजहि हजारों ठोकळ्यांवर कोरलेला आहे.

आतां पारख कशी करावी? एंजिनाच्या डाव्या अंगास, डोक्याच्या खालीं, तेलाच्या गाळणीच्या मागें एक सपाट जागा असते. तेथें दोन चांदण्यांच्या मध्यें क्रमांक ठोकलेला असतो. वर्षांनुवर्षांचा रंग व चिकट मळ तारेच्या ब्रशानें काढल्यावांचून तो दिसत नाहीं. येथें नवशिके एका हटकून होणाऱ्या चुकीनें फसतात. ओतीव लोखंडावर उठून आलेलीं अक्षरें वाचून ते निकाल देतात. परंतु उठावाचीं अक्षरें हा त्या भागाच्या नमुन्याचा क्रमांक असतो. खोलगट ठोकलेलीं अक्षरें हा त्या यंत्राचा क्रमांक असतो. नाइन-एनसाठीं प्रथम आंखलेला एखादा भाग पुढें एट-एनलाहि जसाच्या तसा वापरला गेला, व त्यावर जुनेंच नांव उठून राहिलें. जुन्या सनदेवर छापखान्याचें नांव वाचून तोच सनद देणारा राजा समजावा, तशांतला हा प्रकार आहे.

एकट्या क्रमांकावरहि विसंबून चालत नाहीं. साक्षीदार अनेक पाहिजेत. नाइन-एन व टू-एन यांना पुढें जाण्याचे तीन गीअर, एट-एनला चार. आधींच्या दोघांत ब्रेकचीं पावलें दोहों बाजूंस एकेक. एट-एनमध्यें दोन्ही उजवीकडे. ठिणगीची वाटणी करणारा डिस्ट्रिब्यूटर आधीं एंजिनाच्या अगदीं तोंडाशीं होता. १९५० सालीं, क्रमांक सुमारे २,६३,८०० च्या पुढें, तो बाजूस आला. तेव्हां एंजिन म्हणतें 'मी एट-एन', आणि गीअर व पावलें म्हणतात 'आम्ही नाइन-एन', असें आढळलें म्हणजे मधल्या काळांत कोणीतरी हृदय बदललें हें उघड होतें. कित्येक यंत्रांवर तर क्रमांकाची जागा कोरीच सांपडते. झिजलेलें एंजिन देऊन दुरुस्त केलेलें घेण्याची सोय तेव्हां होती, आणि अशा एंजिनांवर नवा क्रमांक ठोकलेला नसे. कोरी जागा म्हणजे लबाडी नव्हे. ती एका दुरुस्तीची मूक नोंद आहे.

इकडे इंग्लंडांत फर्ग्युसनचा 'टी-ई-ट्वेंटी' हा ट्रॅक्टर १९४६ च्या अखेरीस कॉव्हेंट्री येथील बॅनर लेन कारखान्यांत तयार होऊं लागला. युद्धकाळांत विमानांचीं एंजिनें करणारा हा कारखाना स्टँडर्ड मोटार कंपनी चालवीत होती. आरंभीं एंजिन अमेरिकेच्या कॉंटिनेंटल कंपनीचें. मग स्टँडर्डनें आपलें एंजिन घातलें. पेट्रोलवर चालणारा तो 'टी-ई-ए', जड तेलावर चालणारा तो 'टी-ई-डी', आणि १९५१ सालीं आलेला डिझेलचा तो 'टी-ई-एफ'. येथें ट्रॅक्टराचा क्रमांक चालकापुढील पट्टीवर निराळा व एंजिनाचा क्रमांक निराळा होता, त्यामुळें एंजिन बदललें तरी ट्रॅक्टराचें नांव शाबूत राही. पण दुसरी अडचण होती. स्टँडर्डच्या एंजिनांत सिलिंडरांचीं अस्तरें काढतां-घालतां येत. म्हणून ८० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या एंजिनांत पुढें ८५ मिलिमीटरचीं अस्तरें बसलेलीं आढळतात, आणि व्यास मोजून मूळ ठरविणारा फसतो. याच घराण्याचें एंजिन व्हॅनगार्ड मोटारींत होतें, आणि १९५३ सालच्या ट्रायम्फच्या 'टी-आर-टू' या शर्यती गाडींतहि होतें. नांगरणारा बैल आणि शर्यतीचा घोडा हे भाऊभाऊ निघावे, असा हा योग! मात्र भाऊ असले तरी एकाच्या जागीं दुसरा तसाच उभा राहत नाहीं. ट्रॅक्टराच्या एंजिनाचा तळ ओतीव असतो, कारण यंत्राचा भार त्यावर असतो. मोटारीच्या एंजिनाचा तळ पातळ पत्र्याचा.

शेतकरी एंजिन बदलीत ते हौसेनें नव्हे, हें विसरतां कामा नये. डिझेल एंजिन कमी तेलांत अधिक काम देई, आणि जुनें पेट्रोलचें एंजिन झिजून गेलेलें असे. पीटरबरो येथील पर्किन्स कंपनीचें सहा सिलिंडरांचें डिझेल एंजिन १९४८ पासून फोर्डसन मेजर या ट्रॅक्टरास बसवून मिळूं लागलें. पुढें फर्ग्युसनसाठीं त्याच कंपनीचें तीन सिलिंडरांचें एंजिन आलें. अशा बदलांत मोठी मेख जोडणीची असे. एंजिन हा कणाच असल्यामुळें मधली जोडपट्टी, फिरतें जड चाक व क्लच हीं अचूक जुळावीं लागत. लांबी वाढली तर रेडिएटर, टोपण व सुकाणूच्या दांड्या हलवाव्या लागत. गांवच्या लोहारखान्यांत हें साधणाऱ्या कारागिरांचीं नांवें कोणत्याच ग्रंथांत नाहींत. पण त्यांनीं घातलेले जोड आजहि उघड्या डोळ्यांना दिसतात, आणि ज्याला वाचतां येतें त्याला ते एखाद्या रोजनिशीसारखे बोलतात.

सर्वांत धाडसी बदल अमेरिकेंतील फंक या जुळ्या भावांच्या कारखान्यानें केला. जो व हॉवर्ड फंक हे मूळचे विमानें करणारे. कॅन्सस संस्थानांतील कॉफीव्हिल येथें त्यांनीं एट-एन ट्रॅक्टरांत फोर्डचेंच सहा किंवा आठ सिलिंडरांचें एंजिन बसविण्याचीं अंगें ओतून विकलीं. मूळ शक्ति पंचवीस घोड्यांच्या आसपास. आठ सिलिंडरांनीं ती सुमारे चौपट झाली. टोपण उंच करावें लागलें. मागची गीअरची पेटी मात्र मूळचीच, पंचवीस घोड्यांसाठीं घडविलेली, राहिली. अशी फंक जोडणीचीं यंत्रें आज संग्राहकांना फार प्रिय आहेत.

आणि येथेंच खरा प्रश्न उभा राहतो. संग्राहक दुर्मीळ क्रमांकासाठीं अधिक मोल देतात, म्हणून कोरा ठोकळा घेऊन त्यावर हवा तो क्रमांक ठोकण्याचा मोह उत्पन्न होतो. फंक जोडणीसारखीं अंगें हल्लीं नव्यानें ओतूनहि मिळतात. नवीं म्हणून विकलीं तर तो व्यापार. जुनीं म्हणून विकलीं तर ती बनावट सनद. आमच्या मतें मूळ एंजिन असलेला ट्रॅक्टर अस्सल होय. गरजेनें एंजिन बदललेला ट्रॅक्टर हा बनावट नव्हे. तो अस्सलाचीच पुढील पिढी होय, व त्याचा बदल हाहि इतिहासच आहे. बनावट तो एकच, ज्यानें तो बदल लपविला.

आपल्याकडे फर्ग्युसनचें नांव मॅसी फर्ग्युसन या ट्रॅक्टरामुळें खेडोपाडीं पोहोंचलें. १९६० सालीं मद्रासेंत स्थापन झालेल्या कंपनीनें ते येथें तयार केले. आपल्या नोंदणीपुस्तकांत सांगाड्याचा व एंजिनाचा असे दोन्ही क्रमांक असतात, आणि एंजिन बदललें तर तशी नोंद करून घ्यावी लागते. सरकारी कागदाची ही शिस्त शहाणपणाची आहे. पण तिच्यापलीकडे घरोघरीं एक साधी वही हवी: एंजिन कोणत्या सालीं बदललें, कोणी बदललें, जुन्याचें काय झालें. आजोबांनीं घेतलेला ट्रॅक्टर गोठ्यामागें गंजत उभा असेल, तर भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वीं वाचकांनीं तारेचा ब्रश घेऊन त्याच्या अंगावरचा मळ एकदां झाडावा, आणि जो क्रमांक दिसेल तो, आणि जो दिसणार नाहीं त्याची कोरी जागाहि, त्या वहींत टिपून ठेवावी.