फाटा आणि धागे

सुरतेच्या पूर्व भागात पर्वत पाटिया नावाची वस्ती आहे. हमरस्त्यावरून गावाची वाट फुटते त्या जागेला तिकडे ‘पाटिया’ म्हणतात. आपला शब्द ‘फाटा’. त्याच बाजूच्या लिंबायतेत खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे कापडधंद्यावर जगतात. फाटा आणि धागा, दोन्ही त्यांच्या रोजच्या परिचयाचे. संगणकाच्या इतिहासात मात्र या दोहोंचे कधी पटले नाही.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्सची उभारणी आरंभिली. चालू प्रक्रियेतून दुसरी निर्माण करण्यास ‘फोर्क’, म्हणजे फाटा, ही आज्ञा योजिली. फोर्कची मूळ कल्पना मेल्विन कॉन्वे यांनी १९६३ सालीच मांडली होती; युनिक्सने तिला दिलेले रूप असे: प्रक्रियेची हुबेहूब प्रत काढावयाची आणि त्या प्रतीने नवे काम अंगावर घ्यावयाचे. डेनिस रिची सांगतात की, त्या यंत्रावर हे सारे अवघ्या २७ ओळींत बसले. प्रक्रियाच इवल्याशा, प्रत स्वस्त पडे.

पुढे प्रक्रिया फुगल्या. तेव्हा स्मृतीची प्रत न काढता केवळ तिचे नकाशे उतरून घेण्याची युक्ती रूढ झाली. १९९५ साली पॉसिक्स मानकाने थ्रेड, म्हणजे एकाच प्रक्रियेत समांतर चालणारे धागे, मान्य केले आणि पंचाईत वाढली.

समजा, शंभर मागांच्या कारखान्यात एका कामगाराला चहा मागवावयाचा आहे. त्यासाठी साऱ्या कारखान्याचा नकाशा उतरावयाचा, आणि तो उतरेपर्यंत कोणी कोठारातून नवे सूत काढावयाचे नाही! अनेक धाग्यांच्या स्क्रिप्टमधून फोर्क करून शेलच्या आज्ञा सोडल्या की नेमके हेच होते. स्मृतीच्या नोंदवहीला कुलूप पडते, इतर धागे खोळंबतात. प्रत्येक आज्ञेसाठी शेल नव्याने उभा राहतो तो खर्च निराळाच. वेग वाढावा म्हणून धागे वाढवावेत, तर काम अधिकच रेंगाळू शकते. याहून वाईट असे की, प्रतीत फक्त फोर्क करणारा धागाच उतरतो. दुसऱ्या धाग्याने लावलेले कुलूप मात्र जसेच्या तसे येते आणि किल्लीवाला मागे राहतो! मग नवी प्रक्रिया जागीच अडून बसते.

पायथॉनच्या ३.१२ या २०२३ मधील आवृत्तीपासून धागे चालू असता फोर्क केल्यास इशारा मिळतो. तत्पूर्वी, २०२१ साली, बाहेरच्या आज्ञा चालविण्यासाठी पायथॉनने लिनक्सवर ‘व्हीफोर्क’चा आश्रय केला. ही नक्कल टाळणारी आज्ञा बर्कले विद्यापीठाची, १९७९ सालची. आणि योग्य सोय होताच ती काढून टाकण्यात येईल, असे बर्कलेच्याच माहितीपुस्तिकेत नमूद केलेले होते.